धान उकडायची टाकी

लक्ष्मणराव : ...आणि खाली इंजिनिअर म्हणून सही कर. 'ऑपरेटर ईश्वरच्या हयगयीमुळे कॅटलिस्टच्या गोळ्या जळाल्या.' बस, इतकंच लिहायचं हाय.

खुशबू : साहेब, ईश्वरकाकांची चूक नाही. रिअ‍ॅक्टरच चुकीचा आहे. फॉर्मेलिन बनवायला बोटाएवढ्या बारीक नळ्यांचा लागतो, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. तुम्ही राइस मिलची जुनी टाकी आणून तिच्यात गोळ्या भरायला लावल्या.

लक्ष्मणराव : पंचवीस वर्षं धान उकडलं त्या टाकीनं. फेकून देऊ काय?

खुशबू : धानाला उष्णता द्यावी लागते. इथं गोळ्यांवर रसायन घडताना ती आतच तयार होते, आणि सारखी बाहेर काढावी लागते. नळ्यांभोवती तेल फिरवलं की निघते. एवढ्या रुंद टाकीतून कशी निघेल? मधल्या गोळ्या जळून त्यांचं ढेकूळ झालं. शंभरात नव्वद माल निघायला हवा, आपला पन्नासही निघाला नाही.

लक्ष्मणराव : मंग ईश्वर कायले ठेवला होता तिथं?

खुशबू : टाकीच्या मध्ये तापमानाचा काटा बसवा म्हटलं, तर तुम्हीच म्हणालात, ताप पाहायले ईश्वरचा हात हाय ना.

लक्ष्मणराव : म्हटलं असन. आता ऐक. उद्या नागपूरचे भागीदार येऊन राहिले. टाकी मी निवडली हे त्याईले कळलं, तर कारखाना माह्या हातून जाते. ईश्वरले काढलं की ते गप बसतील. तुले नोकरीत कायम करायचा कागद याच फाइलीत हाय. सही कर, मी त्याच्यावर करतो.

खुशबू : साहेब, मला इथं नोकरीला काकांनीच लावलं.

लक्ष्मणराव : म्हणूनच तूच सांग त्याले. माहं त्याले पटून नाही राहिलं. ईश्वर, ये रे आत.

(ईश्वर चपला बाहेर काढून दारातच उभा राहतो.)

ईश्वर : साहेब, मी रोज हात लावून पाहिला. धान उकडताना लावतो तसाच. टाकी बाहेरून कोमटच लागे, जी.

लक्ष्मणराव : ते हिले विचार. शिकलेली हाय, तुह्याच गावची हाय.

ईश्वर : खुशबू, तीन दिस झाले, घास गिळत नाही पोरी. माह्या हातानं आजवर एक टाकी बिघडली नाही. साहेब म्हणतात चूक माही. घरी बायको म्हणते, टाकीच तशी असन. तू सांग. माही चूक हाय का?

लक्ष्मणराव : सांग ना त्याले.

खुशबू : हो, काका.

ईश्वर : हो म्हणजे?

खुशबू : तुमचीच चूक झाली. तुम्हाला कळायला पाहिजे होतं.

ईश्वर : मंग ठीक हाय. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, तर मी मानलं नसतं. साहेब, मी चाललो. एवढं करा, हिले सोडू नका. खरं बोलणारी पोरगी हाय.