दारातल्या चपला

रोह्याच्या दवाखान्यात, औषधाच्या रांगेत जुलेखाबीच्या पुढं उभी असलेली फरहाना मैत्रिणीजवळ बंबवाल्यांना शिव्या घालत होती, नि आवाज असा की आतल्या पेशंटनं उठून बसावं.

“माझं सैपाकघर जळतंय, नि ते दारातल्या चपला बघतायत गो!”

“चपला कशाला?”

“विचारतात, आत कोण हाय? म्हटलं, कोण नाय, सासू निडीला लेकीकडं गेली. तर त्यातला एक म्हणतो, मग या म्हातारीच्या चपला कशा? अनवाणी गेली काय?”

“मग?”

“दोघे भिंत धरून, रांगत आत शिरले. तिसरा पाणी मारतो, तेपण त्यांच्याच वाटेवर! म्हटलं, सैपाकघरावर मार. तर बोलतो, बंबात पाणी थोडं, दुसरा बंब अजून अष्टमीच्या पुलावर हाय, आधी माणूस.”

“नि सासू?”

“मागच्या खोलीत झोपली होती. गेलीच नाय निडीला. आता आत ऑक्सिजनवर हाय. पण मला कळतच नाय, आधी आग नको विझवायला? फ्रीज गेला ना माझा!”

जुलेखाबीनं तिच्या खांद्याला बोट टोचलं.

“ए बाय, त्या बंबवाल्यानं तुझ्या सासूला कधी बघितलं नव्हतं, तरी तिच्या चपला ओळखल्या. तू रोज त्या ओलांडून घरात शिरतेस.”