चावायची बाजू

(कळंबमधला दातांचा दवाखाना. खुर्चीत शिवकांता, शेजारी तिचा नवरा उत्तरेश्वर.)

डॉ. समृद्धी : डाव्या दाढेखाली हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पुटकुळी आहे, मावशी. दाबली की पू येतो. दुखतं का?

उत्तरेश्वर : न्हाय दुखत. मागं लई ठणकायची, मिश्री लावून लावून ठणका बसला. आता काढून टाका, पीडा जाईल.

डॉ. समृद्धी : मी मावशींना विचारलं.

उत्तरेश्वर : तिला काय कळतंय त्यातलं?

डॉ. समृद्धी : दाढ त्यांच्या तोंडात आहे, काका. ठणका मिश्रीनं थांबला नाही. आतली नस मेली, म्हणून थांबला. पण मुळाशी पू साठतोच आहे. तो हाड पोखरून या पुटकुळीतून बाहेर येतोय.

उत्तरेश्वर : मंग मेलेली दाढ ठिवून काय करायचं?

डॉ. समृद्धी : नस मेली, दाढ नाही. मुळातल्या बारीक नळ्या साफ करायच्या, भरून बंद करायच्या, वर टोपी बसवायची. म्हणजे रूट कॅनल. मागच्या उन्हाळ्यात याच खुर्चीत तुमचं केलं की. काढू नका म्हणालात, हुरडा कशानं खाऊ?

उत्तरेश्वर : माझं येगळं. मला चारचौघांत बसावं लागतं. हिचं एका दाढंवाचून काय अडतंय?

डॉ. समृद्धी : एका? उजवीकडच्या दोन आधीच नाहीत. चावायला हीच बाजू उरलीय.

उत्तरेश्वर : त्याबी अशाच काढल्या. जेवती की चांगली.

डॉ. समृद्धी : जेवताना बघितलंय तुम्ही त्यांना?

उत्तरेश्वर : आता ती मागून जेवती. आमचं समद्यांचं झाल्यावर.

शिवकांता : म्या सांगते, ताई. भाकर कालवणात कुस्करायची, मऊ हुईस्तवर बसून ऱ्हायचं, मंग गिळायची. शेंगदाणा तर इसरलेच. ह्यांची दाढ भरली तवा ह्यांना चावाया नको म्हणून रोज लापशी केली म्या. माझ्या ताटात काय हाय, कुणी वाकून बघितलं न्हाय.

उत्तरेश्वर : उठ, चल. घरी बोलू.

शिवकांता : घरी तुमीच बोलता.

उत्तरेश्वर : येरमाळ्याची गाडी लागली असंल.

शिवकांता : तुमी जावा त्या गाडीनं. म्या मागून येते, सवय हाय मला.

डॉ. समृद्धी : मावशी, मग काय करू?

शिवकांता : काढू नका, ताई. ही दाढ ऱ्हाऊ द्या माझी.