इनचार्ज मामा

कुणाला परस्पर खूश करायला जाऊ नका, एवढंच सांगतो. ताईच्या लग्नाच्या कार्डावर मामांच्या नावाखाली ‘इनचार्ज हेडमास्तर’ टाकायचं होतं. मी म्हटलं, इतकी वर्षं खुर्चीवर हायेत, आता कशाचं इनचार्ज? नुसतं ‘हेडमास्तर’ छापून टाकलं.

भोकरहून मामांचा फोन. “हे काय छापून ठेवलास रे? ऑर्डर हाय का माझ्याकडं? शाळेतल्या सीनियर बाई हेच कार्ड घेऊन उद्या वर तक्रार करतील. हाय ते इनचार्जपणबी जाईल. दुरुस्त कर, न्हाईतर मी लग्नाला येत न्हाई!”

झालं! लग्नघरची सगळी कामं सोडून मी एकेका कार्डावर पेनानं ‘इनचार्ज’ लिहून राहिलो.

लग्नात अंतरपाट धरायची वेळ झाली. गुरुजी ओरडले, “नवरीचे मामा कुठायत?” मामा मांडवात पाहुण्यांची कार्डं तपासून राहिले होते. माझं डोकंच फिरलं. “मामा, चला की! नवरीचे मामा तरी पक्के हायात ना, का तिथंबी इनचार्ज?”

मामा शांतपणे उठले.

“तुझ्या थोरल्या मामाची निलंग्याची एसटी अजून यायचीय. तो येईस्तोवर इनचार्जच.”