एक शिडी उलटी

बसमध्ये नर्सबाईंच्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. मुलीच्या मांडीवर तारा नि मण्यांचा सांगाडा होता. तो मोडेल या धास्तीने नर्सबाईंनी अंग चोरून घेतलं.

“डीएनएच्या दोन शिड्या मध्येच एकमेकींत गुंतल्या, की अशा चार फांद्या फुटतात, आई.”

“छान झालंय की. मग तोंड का पाडलंयस?”

“आमच्या सरांनी लिहिलेल्या पुस्तकात दोन्ही शिड्या एकाच दिशेने जातात. तसं बांधलं की अणू, म्हणजे हे मणी, एकमेकांवर आदळतात. एक शिडी उलटी फिरवली, तरच बसतं.”

“तूच चुकली असशील.”

“मलाही तेच वाटलं. कितीदा मोडून बांधलं! आता सरांना कुठल्या तोंडाने सांगू? माझी डिग्री त्यांच्याच हातात आहे गं.”

बसने करकचून ब्रेक लावला. एक शिडी निखळून नर्सबाईंच्या पायाशी पडली. त्यांनी ती उचलून आईला दिली.

“गेलं सगळं!”

“रडू नकोस. सरांसारखी लावून बघते. अगं, हे मणी अडकतायत.”

“तेच तर म्हणतेय! आता उलटी धर.”

“बसली की!”

आईने बसलेल्या शिडीवरून बोट फिरवलं.

“तू काही बोलूच नकोस. सरांनाच लावायला दे.”

“आणि नाही लावली तर?”

“मी कॉलेजच्या फाटकापाशी थांबते.”

स्टॉप आला. मुलीने नुकतीच बसलेली शिडी पुन्हा उपटली, मुठीत घट्ट धरली आणि आईच्या आधी उतरली.