चिमनीवरून उतरलेल्या मानसाची झोप

मी भंडाऱ्याकडच्या खेड्यातली, शाळा काही पाहिली नाही, अक्षरं लेकरांच्या पाट्यांवरून शिकली. लगन झालं अन् भिलाईले आलो, मी, आमचे मालक अन् सासू. तवा कारखाना उभा होऊन राहिला होता, जिकडं पाहा तिकडं लाल माती अन् लोखंड. कारखान्याजवळच्या रुआबांधा वस्तीकडं झोपडी टाकली. मालक चिमनीच्या कामावर, वर पाडावर, म्हंजे बांबू-फळ्याइच्या परांचीवर, अन् मी खाली रेजा, टोपल्यानं रेती वाहाची.

काय सांगू तुमाले, आधी लय मजा वाटे. बायाइले दाखवो, तो मुंगीएवढा दिसते ना, तो माहा नवरा. मंग चिमनी वाढत गेली अन् यायची झोप कमी होत गेली. खाटेवर पडले का काठ घट्ट धरत, डोया लागला का दचकून उठत. कामावरून येताना झोकांड्या खात येत. सासूनं तं एक दिवस तोंडाचा वास घेतला. आमी नुकतीच बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतलेली, दारूले शिवनार नाही असं सगळ्याइसमोर म्हटलेलं. वस्तीत एक म्हातारे होते, त्यायले आमी काकाजी म्हनो. ऐतवारच्या वंदनेले ते सगळ्याइच्या देखत म्हने, कावून गा, पंचशील नुसतं तोंडानंच म्हनतं का? मालक खाली मान घालून बसले. हे पेत नाही हे मले ठावं, मंग बोलत कावून नाही?

दुसऱ्या दिवशी जेवनाच्या सुटीत भाकर घेऊन गेली तं हे जमिनीत ठोकलेली खुटी धरून बसलेले. म्हटलं, काय, गाय बांधली का इथं? हसले नाही. म्हने, डोये मिटले का पडतो वो मी, खाली आलो तरी जमीन हालते. म्हटलं, मंग काल सांगतलं कावून नाही? तं म्हने, दारुड्या म्हटलेलं चालते, भेकड म्हटलं तं मिस्त्री उद्याच नाव कापते. वस्तीतला पह्यला मानूस वर चढला, तोच भ्याला म्हनतीन.

मले रडू याचं तं रागच आला. टोपलं तिथंच टाकलं अन् मिस्त्रीकडं गेली. पटन्याकडचा, मोठा रागीट मानूस. म्हटलं, मेरा आदमी सोता नहीं है, ऊपर से गिरेगा. मालक मागून म्हनून राहिले, चूप राय वो. मिस्त्री यायच्याकडं पाहतच राहिला. मंग म्हने, जो सोता नहीं वो अकेला नहीं गिरता, नीचेवालों को भी ले जाता है, पहले बोलना था ना. नाव नाही कापलं बाप्पा. खाली, सामान वर ओढनाऱ्या विंचपाशी उभं केलं, शिट्टी अन् झेंडा दिला, वरच्याइले इशारे कराले.

काही दिवस तसेच बिनझोपेचे गेले. मंग एका दुपारी पाहते तं हे रेतीच्या ढिगावर आडवे, तोंड उघडं, माश्या बसून राहिल्या. भोंगा वाजला तरी उठले नाही. मी माश्या हाकलत बसली, अन् असं हलकं वाटलं मले, जसं डोक्यावरचं टोपलं कोनी उतरवून घेतलं. मिस्त्रीनं पाहिलं, अन् न पाहिल्यावानी तोंड फिरवून दुसरीकडं गेला.

त्या ऐतवारी मालक स्वताच उभे राहिले. म्हने, काकाजी, दारू नव्हती, भेव होतं. कोनी हसलं नाही. वंदना आटोपली तं वर चढनारे दोघं-तिघं माह्यापाशी आले, हळूच म्हनत, वहिनी, तुमी मिस्त्रीले नेमकं काय सांगतलं?

आता मालक नाही. लय म्हातारे होऊन गेले, अन् झोपेतच गेले. नातू कारखान्यात उंचावरच काम करते. घरी आला का मी पह्यले हेच पुसते, झोप लागते का रे बरोबर? तो खरं सांगते. तुमच्या घरचं कोनी वर चढत असन तं तुमीबी पुसत जा. समद्याइले सुखाची झोप लागो, मले अजून काय पाहिजे.