परात कुठं गेली, ते सांगते

पाहुण्यांनो, कॉलनीतल्या मंडळींनो, मी कमल. फुलंब्रीची. अक्कांची धाकटी जाऊ. माझ्याआधी सर बोलले, भजनी मंडळाच्या बाई बोलल्या. चांगलं बोलले. मला तसं येत नाही. अक्कांच्या फोटोकडं मी बघणार नाही. तुमच्याकडं बघून बोलते. मला तुमच्याशीच बोलायचंय.

काल तेरावं झालं. स्वयंपाकाची भांडी मंडपवाल्याकडून आली. कणीक मळायची परातसुद्धा त्याचीच. मग काय, पाणी प्यायच्या निमित्तानं एकेक जण आत डोकावून आला. मांडणी रिकामी. माळा रिकामा. फळीवर चार ताटं, दोन पातेली, एक कुकर. लगेच अंगणात कुजबूज सुरू. मी तिथंच पत्रावळ्या उचलत होते. मला ऐकू येतं. "भरलेलं घर होतं हो. सुनेनं सगळं भंगारात घातलं. म्हातारी जिती असतानाच!"

सून म्हणजे अश्विनी. ही बघा, खांबापाशी बसलीय. ते ऐकल्यापासून तिनं घास घेतला नाही. मी तिच्यासाठी उभी राहिलेय. अक्कांचं कौतुक मी मनात करीन, त्यांना पोचतं.

परात कुठं गेली? परात माझ्याकडं आहे.

अन् तुमची भांडी तुमच्याकडं आहेत. आठवा जरा. मोठे भाऊजी, अक्कांचे मालक, कंपनीत होते, तेव्हा हे घर बांधलं. वास्तुशांतीला आपण सगळ्यांनी भांडी दिली. दुकानात बसून त्यावर मशिनीनं नाव घालून घेतलं. कुणी दिलं ते दिसायला पाहिजे ना! कळशीवर मामांचं नाव, पातेल्यावर सिल्लोडच्या ताईंचं, परातीवर माझ्या वडलांचं. अक्कांची मांडणी म्हणजे सगळ्या गोतावळ्याची हजेरी.

भाऊजी गेले. पुढं वर्षभरानं अक्कांनी आवरायला काढलं. एकदम नाही. एका खेपेला एक भांडं. चिंचेनं घासायचं, पिशवीत घालायचं, अन् ज्याचं नाव त्याच्या दारात जायचं. बसायचं, चहा घ्यायचा, त्या भांड्यात काय काय शिजलं ते सांगायचं, अन् मोकळी पिशवी घेऊन घरी.

मला घाई. मी म्हणलं, "अक्का, भंगारवाल्याला बोलवा. एका दुपारी घर मोकळं होतंय. हे काय थेंब थेंब?"

"कमल," त्या म्हणल्या, "भंगारवाला नाव वाचतो का?"

सिल्लोडच्या ताई, तुम्ही पातेलं फरशीवर आदळलं होतं. व्हय ना? "दिलेलं परत आणलं, तोडायचंय का आमच्याशी?" अक्का हसल्या. म्हणल्या, "तोडायचं असतं तर एवढ्या लांब कशाला आले असते? इतकी वर्षं मी यात बासुंदी केली. आता तुम्ही करा अन् मला बोलवा." बोलवलं का, ताई? जाऊ द्या. आज नाही विचारत.

आता मला एक सांगा. अक्कांचे गुडघे गेलेले. त्या तुमच्या दारात आल्या कशा? उडत? मामा, तुमच्या फाटकापाशी स्कूटी कुणाची लागली होती? हेल्मेट हातात धरून कोण उभं होतं? चहा दिला होता ना तुम्ही तिला? शेंद्र्याच्या कंपनीत सहा दिवस राबायचं, अन् सुट्टीच्या दिवशी सासूला मागं बसवून तुमचंच भांडं तुमच्या घरी पोचवायचं. हे तिनं केलं. तोंडातून हूं नाही की चूं नाही. फक्त परातीच्या वेळी एकदा म्हणाली, "आई, एवढी राहू द्या, रोज लागते." अक्का म्हणल्या, "ही कमलच्या वडलांची आहे. तू तुझी आण." तेव्हापासून ही पोरगी ताटात कणीक मळती. अन् तुम्ही म्हणता, हिनं विकली!

संदीप, खाली बघू नको. बायकोला लोक बोलत होते अन् तू मंडपवाल्याचा हिशोब करत होतास. तूच आईला म्हणला होतास, "घर असं उघडं करू नको, लोक काय म्हणतील?" आई काय म्हणाली? "लोकांच्याच घरी पोचवतेय. लोक काय म्हणणार?"

इथं अक्का चुकल्या. लई चुकल्या. त्यांना वाटलं, हातात दिलेली वस्तू माणूस विसरत नाही.

तुम्ही म्हणाल, सगळं सोपं गेलं त्यांना. नाय. भाऊजींचा जेवणाचा डबा होता, झाकणावर नाव घातलेला. कंपनीत सगळ्यांचे डबे सारखेच, म्हणून. तो माझ्या पोराला द्यायला त्या फुलंब्रीला आल्या. चहा झाला, निघताना डबा गुपचूप पिशवीत. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. मी फटकन बोलले, "अक्का, द्यायला आणता का दाखवायला?" त्या हसल्या, अन् हसता हसता पदर डोळ्याला लावला. "याला हात सुटत नाही गं," म्हणल्या.

शेवटी अक्का दवाखान्यात होत्या, तेव्हा अश्विनी त्याच डब्यातून खिचडी न्यायची. एका दुपारी अक्कांनी डबा तिच्याकडं सरकवला. "हा तू ने. कंपनीत ने. घरात ठेवू नको." बस. एवढंच. तो डबा तिच्या हातात दिसतो, त्याच्यावरही कुणीतरी काल बोललंच.

मला हे सगळं पटलंय असं समजू नका. काल ती रिकामी मांडणी मलाही बघवली नाही. एक वाटी तरी ठेवायची होती, अक्का. हातात धरून रडायला. काहीच नाही ठेवलं तुम्ही. त्याचा मला राग आहे, अन् तो लवकर जाणार नाही.

पण त्या रागाचं ओझं मी या पोरीवर टाकणार नाही. आज सकाळी पहिल्या गाडीनं फुलंब्रीला गेले अन् परात घेऊन आले. ही बघा. नाव वाचा. इथं ठेवून जाणार नाही, अक्कांनी मला दिलीय. पण आज संध्याकाळी या घरात मी हिच्यात कणीक मळणार आहे. अश्विनी बसून खाईल. ज्यांच्या ज्यांच्या दारात भांडी पोचली त्यांनी यावं. पोळी-भाजी होईल तेवढी होईल.

आता उठा. अक्कांसाठी दोन मिनिटं गप्प उभं राहू.

अन् दोन मिनिटं झाली की लगेच तोंड उघडू नका. आधी घरी जा. माळ्यावर आपल्या नावाचं भांडं बघा. तिथं अक्का सापडतील.