कोरी फिल्म

ब्रनोतल्या फिल्म धुऊन देणाऱ्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“व्लास्ता, कोरीच आली गं! रविवारी अर्धा तास कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली घुसून तुझा चेहरा फोकस केला होता.”

“फिल्मपुढची झाकणपट्टी काढलीच नाहीत तुम्ही.”

“तुला दिसलं?”

“समोरच तर बसले होते.”

“मग बोलायचं नाही? पट्टी ओढली असती, मिनिटात फोटो झाला असता!”

“म्हणूनच नाही बोलले. फोटो झाला की बघणं संपलं. एकेचाळीस वर्षांत एवढा वेळ कधी बघत बसलात माझ्याकडे?”

“कॅमेऱ्याच्या काचेवर उलटी दिसत होतीस, डोकं खाली.”

“उलटी तर उलटी. बघत होतात ना?”

“...डब्यात चारच फिल्म उरल्यात, बाई.”

“म्हणजे चार रविवार.”